पन्नास-पन्नास

शहापूर, १२ मे (पाकीट)

दादा,

नमस्कार करायचा की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

फोन का करत नाही, असं विचारू नकोस. पाड्यावर रेंज नाही. रेंजसाठी तू टेकडी चढतोस आणि स्क्रीनवर ‘मीना’ दिसलं की तसाच खाली उतरतोस, हे मला वहिनीने सांगितलंय. तिच्यावर रागावू नकोस. घरात कुणीतरी खरं बोलणारं असावं.

शिमग्याला मी गाडी घेऊन आले तेव्हा तू होळीसमोर, सगळ्या पाड्यादेखत म्हणालास, “बाईमानसाला असली गाडी कशाला? आज गाडी घेतलीस, उद्या काय मागशील त्याचा नेम नाय. ही परत माझे आंगनात दिसायची नाय.” मी पुरणपोळी न खाता निघाले. म्हणजे एक खाल्ली होती, पण दुसरी सोडली. वहिनीच्या पुरणपोळीवरून उठणं काय असतं, ते तुला ठाऊक आहे.

आता माझं ऐक. एवढी वर्षं एसटीत घंटी ओढली. दोनदा ओढली की गाडी सुटायची, एकदा ओढली की थांबायची, पण स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. डोळखांबच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मी मागच्या दारात उभं राहून पाठीने ओळखते. स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच दिवशी ठरवलं होतं की आता हँडल माझ्या हातात. आमचे हे म्हणाले, “घे, पण मी मागे बसणार नाही, माझी कंबर धड नाही.” म्हटलं, बसू नका, डबा भरून द्या. लांबच्या प्रवासाची ही उंच, दांडगी मोटरसायकल ठाण्याच्या एका माणसाकडून वापरलेली मिळाली. इंजिन उत्तम, पण टायर पार गुळगुळीत. ते बदलायचे आहेत आणि त्यावरूनच हे पत्र.

मुरबाडला सूरजचं टायरचं दुकान आहे. तो बोलतो फार. त्याने आधी चहा पाजला आणि मग विचारलं, “ताई, आधी सांगा, डांबर किती आन् माती किती?” अशा गाड्यांच्या टायरांची जात म्हणे आकड्यांवर ठरते. ऐंशी-वीस म्हणजे ऐंशी टक्के डांबर, वीस टक्के माती. नक्षी बारीक, ओल्या घाटातही रस्ता सोडत नाहीत, पुष्कळ टिकतात. पन्नास-पन्नास म्हणजे ही एवढाली बटणं. चिखलातून ओढून बाहेर काढतात, पण डांबरावर भुंग्यासारखी गुणगुणतात आणि लवकर झिजतात. मधले सत्तर-तीस, साठ-चाळीसही मिळतात.

माझा बेत असा की ऑगस्टमध्ये माळशेज चढायचा आणि जुन्नर, सोलापूर करत पार हंपीपर्यंत जायचं. सगळं डांबर. सूरज म्हणतो, “मग डोळे मिटून ऐंशी-वीस घ्या.” खरंच आहे त्याचं.

पण दादा, डोळखांब सोडलं की आपल्या पाड्यापर्यंतची वाट आहे ना. शिमग्याला कोरडी होती म्हणून आले. पावसात त्या तांबड्या मातीचं लोणी होतं. ऐंशी-वीसवर मी पहिल्याच उतारावर आडवी होईन. म्हणजे हिशोब असा झाला: माहेर धरलं तर पन्नास-पन्नास, सोडलं तर ऐंशी-वीस. सूरजला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सगळा दौरा डांबरावर, आन् टायर घ्यायचे ते माहेरच्या चार किलोमीटरसाठी?” मी हो म्हटलं. त्याने आणखी एक चहा मागवला.

तर तू बोलू नकोस, माफीही मागू नकोस, तुला जमायचं नाही. नुसता आकडा कळव. पन्नास-पन्नास म्हणालास तर अंगण मोकळं आहे असं मी समजेन.

पाकीट खाकी आहे त्याला हसू नकोस, डेपोतली उरलेली आहेत. लांबण लावायचं ते पाकिटात लिहीन आणि घाईचं कार्डावर. कार्ड पोस्टमनपासून शेजारच्या कमळूपर्यंत सगळा पाडा वाचतो, तिथे आपली भांडणं नकोत.

मीना


शहापूर, ३० मे (कार्ड)

दादा, पाकिटात सगळं सविस्तर लिहिलंय. उत्तर नाही. आता जास्त बोलत नाही. मला पन्नास-पन्नास हवं आहे. ऐंशी-वीसवर माझं भागणार नाही. तुझा आकडा कळव. मी फार दिवस थांबणार नाही. मीना


शहापूर, १२ जून (पाकीट)

दादा,

तुझं कार्ड मिळालं. “ऐंशी-वीस. तेही वरकस. जयराम.” बस्स. कार्डाची बाकी जागा कोरी. ती तरी वहिनीला द्यायची होतीस, तिने खुशाली लिहिली असती.

ऐंशी-वीस. म्हणजे येऊ नकोस. समजलं. मी तीनदा वाचलं आणि मग भांडी घासायला घेतली. आमचे हे म्हणाले, “घासलेलीच आहेत ती.” मी म्हटलं, मला माहीत आहे.

पण ते ‘वरकस’ काय? वरकस म्हणजे वरचा नाचणीचा माळ, भाताची खाचरं खाली, एवढं मलाही कळतं, मी त्याच घरात वाढले. बराच विचार केल्यावर उलगडलं. गाडी आणायचीच असेल तर वरच्या माळावरून परस्पर जा, खाली घराकडे उतरू नकोस, असंच ना? वा रे दादा. दूधवाल्याची गाडी अंगणात चालते, बकरीचा व्यापारी अंगणात चालतो, आणि सख्ख्या बहिणीने माळावरून हात हलवून जायचं.

मी काही हात हलवणार नाही. सोबत कार्ड टाकतेय, ते नीट वाच.

मीना


शहापूर, १२ जून (कार्ड)

दादा, ऐंशी-वीस नामंजूर. वरकस मला नको. मला खाचराकडचीच पाहिजे, लहानपणापासून तिच्यावर पाय ठेवलाय मी. पन्नास-पन्नास. माझा आकडा बदलणार नाही. मीना


शहापूर, २३ जून (पाकीट)

दादा,

“सत्तर-तीस. आंबा माझा.”

हे वाचून मला हसू आलं. दहाने का होईना, तू हललास. आयुष्यात पहिल्यांदा हललास. बाबा बैल विकायचा म्हणत होते तेव्हासुद्धा तू दोन दिवस गोठ्यात झोपलास, पण हलला नाहीस.

आंब्याचं कळलं. आंब्याखाली गाडी लावायची नाही. शिमग्याला तिथेच लावली होती आणि तुझी खाट तुला उन्हात ओढावी लागली होती. बरोबर आहे, सावली तुझी. मी पडवीला लागून उभी करीन, नाहीतर शेणकईजवळ, खताच्या खड्ड्यापाशी. गाडीला काही अभिमान नाही.

सूरजला सांगितलं की भाऊ सत्तर-तीसवर आलाय. तो म्हणाला, “भाऊ टायरच्या लायनीतले आहेत का?” म्हटलं, नाही, भाताच्या. तो म्हणाला, “मग एवढं बारीक कसं कळतं त्यांना?” मलाही अभिमान वाटला. पण सत्तर-तीस म्हणजे उतारापर्यंत पोचेन आणि उतारावर पडेन. अजून थोडं सरक.

मीना


शहापूर, २३ जून (कार्ड)

दादा, आंबा तुझा, त्यावर माझा काही दावा नाही. पण सत्तर-तीसवर मी आडवी होणार. आकडा वाढव. मीना


शहापूर, ४ जुलै (पाकीट)

माझ्या लाडक्या दादा,

“साठ-चाळीस. विहीर सामाईक.”

कार्ड हातात घेऊन मी ओट्यापाशी उभीच राहिले. विहिरीचं तर मी मागितलंही नव्हतं! चिखलातून आलेली गाडी धुवायची कुठे, हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण तुला कसा विचारू म्हणून गप्प होते. आणि तू आपणहून विहीर दिलीस. दादा, वरून तू दगड आहेस, पण आत नाहीस. मी आमच्या ह्यांना कार्ड दाखवलं. ते म्हणाले, “अक्षर फार थरथरलंय.” मी म्हटलं, लावणीचे दिवस आहेत, हात दमले असतील.

आता दहाचंच अंतर उरलंय. तुझ्या स्वभावाने तू महिन्याभरात येशीलच, पण सूरजकडे पन्नास-पन्नासची एकच जोडी शिल्लक आहे, आणि शेणवे गावचा एक पोरगा रोज येऊन ती बोटाने दाबून बघतो म्हणे.

मीना


शहापूर, ४ जुलै (कार्ड)

दादा, विहिरीबद्दल मनापासून आभार. आता दहाचंच राहिलं. ते लवकर सोड, दुसरा एक जण टपून बसलाय. मीना


शहापूर, ९ जुलै (कार्ड, पहिलं)

दादा, ही पाच कार्डं एकत्र टाकतेय. पाकीट लिहीत नाही, कारण पाकिटांचं काय होतं ते मला आज सकाळी कळलं. कमळूभाऊ, तुम्ही हे हातात घेतलंच असेल, तर पडवीत उभे राहून मोठ्याने वाचा. सगळ्यांना बोलवा.


(कार्ड, दुसरं)

आज सकाळी वहिनी स्वतः टेकडी चढली आणि तिने मला फोन केला. रडत होती. “वन्सं, पाया पडते. घ्या अर्धं, पन तो आकडा परत लिहू नका. हे भाकर उष्टी करून उठतात. सकाळधरना दोरी घेऊन खाचर मोजत बसलेत.” मी म्हटलं, कसलं अर्धं गो? ती म्हणाली, “जमिनीचं!” मी म्हटलं, अगो, मी टायर मागतेय! ती म्हणाली, “कसला टायर?” मी म्हटलं, पाकिटात लिहिलंय ना सगळं! तर म्हणे, पाकिटं देवाच्या फोटोमागे आहेत.


(कार्ड, तिसरं)

“खाकी पाकीट फोडला का नोटीस लागू होते, असं कमळू भावजी सांगतात. म्हनून फोडली नाय. रोज उदबत्ती दावतो आमी त्यांना.” हे तिचे शब्द. कमळूभाऊ, इथे थांबू नका, वाचत राहा. तर आता सर्वांनी ऐका. टायर. टायर. टायर. ऐंशी-वीस हे टायरांचं नाव आहे. पन्नास-पन्नास हेही टायरांचं नाव आहे. मला जमीन नको होती, तुमच्या चिखलातून घरी यायला टायर हवे होते. वहिनी, पाकिटं फोड. नोटीस नाही, आत तुझ्या पुरणपोळीबद्दल चांगलं लिहिलंय.


(कार्ड, चौथं)

दादा, आता तुझ्याशी. मला रागही आलाय आणि हसूही. चाळीस टक्के जमीन मिळाली आणि मी विहिरीवर गाडी धुवायला मिळाली म्हणून नाचत होते. पण राग खरा आहे. बहिणीने काहीतरी मागितलं, की ती जमीनच मागणार, हे तुझ्या मनात आधीपासून होतं. शिमग्याला ‘उद्या काय मागशील’ म्हणालास ते गाडीबद्दल नव्हतंच. बाबा गेल्यापासून सातबाऱ्यावर माझं नाव आहे आणि तू ते रोज बघत होतास, एवढाच त्याचा अर्थ. मग मला विचारायचं होतंस. आणि समज, मी खरोखर मागितलं असतं, तर त्यात चोरी काय होती?


(कार्ड, पाचवं)

पण एक सांगते. तुला वाटत होतं की मी खाचर तोडून मागतेय, आणि तरीही तू वकिलाकडे गेला नाहीस. एकट्याने बसून दहा-दहाने वाढत गेलास. सत्तर, साठ. विहीरसुद्धा दिलीस. हे मला फोन ठेवल्यावर कळलं आणि मी रडले, ते भांडी न घासता. आता टायरांचा आकडा सांग. टायरांचा. मीना


मुरबाड, २ ऑगस्ट (पांढरं पाकीट. वर लिहिलंय ‘नोटीस नाही’)

दादा,

सूरजच्या दुकानात बसून लिहितेय. तो माझा वाकलेला क्लचचा दांडा सरळ करतोय आणि मी तुझं शेवटचं कार्ड पुन्हा वाचतेय. “शब्द गेला तो गेला. टायर पन्नास-पन्नास. जमीन पन्नास-पन्नास. ये.” सूरज म्हणतो, हे कार्ड फ्रेम करून दुकानात लावू या. मी दिलं नाही.

घाट चढायच्या आधी तुला काही गोष्टी लेखी कळवायच्या आहेत, कारण पाड्यावर आले त्या दिवशी मी तोंडाने बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. तोंडात चिखल होता.

पहिली गोष्ट, पडण्यात टायरांचा दोष नाही. कमळूभाऊ अजून सांगत फिरत असतील की बटणांच्या टायरांनी धोका दिला. तसं काही नाही. डोळखांबपासूनची सगळी तांबडी वाट त्यांनी मला उचलून आणली. तो उतार, जिथे शेणव्याचा टेंपो अर्धा दिवस अडकला होता, तिथून मी पहिल्या गिअरवर हळूहळू खाली आले, आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने गात होते. मग वळणावर तू बांधावर उभा दिसलास. टोपी काढून हातात घेतलेली. आणि मला राहवलं नाही, मी हात वर केला. एका हाताने ती गाडी चिखलात धरायची नसते, हे मला सूरजने तीनदा सांगितलं होतं.

त्यानंतर मी खाली खाचराच्या चिखलात, गाडी चिखलात, आणि बटणं आभाळाकडे. वहिनी ओरडली. बायका धावल्या. तू मात्र खाचर वाटायला ठोकलेल्या खुंट्यांपैकी आधी डावीकडची बघितलीस, मग उजवीकडची, मग मला. आणि शिमग्यापासूनचं पहिलं वाक्य बोललास, “तुझे हिश्शात पडलीस.”

हे मी सगळ्या डेपोला सांगितलंय. तिथले कंडक्टर आता एकमेकांना तेच म्हणतात.

दुसरी गोष्ट. मला बाहेर काढताना माझ्या लक्षात आलं की खुंट्यांच्या पलीकडे तुझ्या अर्ध्यात भात लावून झाला होता, रोपं उभी राहिली होती, आणि माझ्या अर्ध्यात नुसती चिखलणी करून ठेवलेली. मी वहिनीला विचारलं, हे का राहिलं? ती म्हणाली, “ते म्हनतात, मालकाला इचारल्याबिगर लावनी कशी करायची?” दादा, मी वीस वर्षं लोकांच्या तोंडची उत्तरं ऐकली आहेत, सुट्ट्या पैशांवरून, जागेवरून, सामानावरून. असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. म्हणून मी हेल्मेट काढून बांधावर ठेवलं आणि रोपांची जुडी मागितली. तुझ्या बहिणीची ओळ वाकडी आली, हे तू दिवसभर सांगत होतास. आली. माझी सवय गेलीय. पुढच्या वर्षी सरळ येईल.

तिसरी गोष्ट. जेवताना तू विचारलंस, “आता खुंट्या काढू का? तू तर टायर मागत होतीस.” मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते, पुरणपोळीची उधारी वसूल करत होते. वहिनीने श्रावणाची वाट न बघता केली होती, दुसरीही खाल्ली आणि तिसरीही. पण मी विचार केलाय. आता उत्तर देते.

खुंट्या काढू नकोस.

घाबरू नकोस, ऐकून घे. भात तूच लाव, तूच काप. मला एक पोतं पाठवलंस तर आमचे हे भाकरीपेक्षा भात चांगला करतात. आंबा तुझा, ते मी कार्डावर लिहून दिलेलंच आहे, आणि पाड्याला ते पाठ आहे. विहीर सामाईक, गाडी तिथेच धुतली, कमळूभाऊंनी स्वतः पाणी ओढलं. पण त्या खुंट्या राहू दे. एवढी वर्षं मी माहेरी यायचे ती पाहुणी म्हणून. तू हाक मारलीस तर यायचं, ओरडलास तर उठायचं. त्या दिवशी पडले तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझी स्वतःची पडायला जागा आहे तिथे. आणि चांगली मऊ आहे.

सूरज म्हणतोय दांडा सरळ झाला. सोलापूरपर्यंत टायर डांबरावर गुणगुणत राहतील आणि हंपीहून येईस्तोवर निम्मे झिजतील. असू दे. परत आल्यावर नवे घालीन, हेच घालीन. तोवर रोपांना पाणी बघ, तुझ्याही आणि माझ्याही.

तुझी अर्ध्याची मालकीण,
मीना